बरं वाटण्याचे दुष्परिणाम

पेणला दवाखाना उघडला आणि पहिलाच पेशंट आत आला, खुर्चीत बसला, त्याने माझ्यासमोर आ वासला आणि बोटाने उजवीकडची दाढ दाखवली.

"अहो, मी दातांची डॉक्टर नाही," मी म्हटलं. "ते शेजारी."

तोंड न मिटताच तो म्हणाला, "ठावं हाय. दार उघडं हाय. पयलं ते लावा."

मी दार लावलं. मग त्याने तोंड मिटलं आणि हमसून हमसून रडायला लागला.

मी मानसोपचारतज्ज्ञ. ज्यांना हा शब्द उच्चारता येत नाही ते 'येड्यांची डॉक्टरीण' म्हणतात. ज्यांना उच्चारता येतो ते मनात म्हणतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईतली नोकरी सोडून मी माहेरगावी, पेणला आले, तेव्हा माझी आत्या म्हणाली, "अगो, बायकांची डॉक्टर झाली असतीस तर बारशाला तरी बोलावलं असतं लोकांनी. आता तुला ओळख कोण दाखवणार?" आत्याचं खरं ठरलं. बाजारात माझे पेशंट मला बघून भाजीची पाटी बदलत. एकाने तर मला चुकवण्याच्या नादात नको असलेली सुरणाची अख्खी गड्डी घेतली.

दवाखान्याला जागा मिळाली ती दातांच्या एका डॉक्टरांच्या शेजारची खोली. बाहेरचा बाकडा दोघांचा मिळून. त्यामुळे माझे पेशंट रस्त्यातूनच गाल धरून येत. दातांच्या डॉक्टरांकडे कायम गर्दी दिसायची, त्यावरून त्यांचा हात चांगला असल्याचा बोभाटा झाला आणि त्यांना खरोखरच गर्दी व्हायला लागली. माझ्यामुळे आयुष्यात पुढे गेलेला तो पहिला माणूस. गुरुवारी मी एसटीने रोह्याला जायची. तिथे एका जुन्या फॅमिली डॉक्टरांनी त्यांच्या दवाखान्यामागची खोली दिली होती. ते आपल्या पेशंटला सांगत, "मागे जाऊन या, बाईंना जरा झोपेचं विचारा." 'झोपेचं' हा शब्द चालायचा. झोप सगळ्यांनाच असते.

या दिवाळी अंकासाठी लिहायचं ठरलं तेव्हा वाटलं, मी कोण, कुठली, किती शिकले, याने कुणाच्या फराळाची चव वाढणार नाही. त्यापेक्षा ज्या गोळ्यांवर माझं सगळं आयुष्य गेलं (खाण्यात नाही, देण्यात) त्यांच्याविषयी सांगावं. नैराश्यावरच्या गोळ्या. त्यांनी माणसं बरी होतात, हे लोकांना पटत नाही. आणि बरी होतात तेव्हा काय काय होतं, ते कुणी सांगत नाही.

तर मेंदूत एक चेतापेशी दुसरीला निरोप देते तो रसायनातून. दोघींच्या मधे बारीकशी फट असते. पहिली त्या फटीत रसायन सोडते, दुसरीला निरोप पोचतो, आणि मग पहिली उरलेलं रसायन परत ओढून घेते. म्हणजे लग्नात आहेर द्यायचा, समोरच्याने 'कशाला, कशाला' म्हटलं की हळूच परत पिशवीत टाकायचा, अशातला प्रकार. आमची बहुतेक औषधं या परत घेण्याला आडकाठी करतात. आहेर जरा जास्त वेळ मांडवात राहतो. एवढंच.

आता शहाणा वाचक विचारेल, आडकाठी पहिल्या दिवसापासून होते, तर माणसाला बरं वाटायला दोन-चार आठवडे का लागतात? हाच प्रश्न शिकत असताना मी आमच्या सरांना विचारला होता. सरांनी चष्मा पुसला, खिडकीबाहेर बघितलं आणि चहा मागवला. तर्क पुष्कळ आहेत, पण मला कुणी विचारलं तर मीही चहाच मागवते.

मी पेणला आले तेव्हा हाताशी होती ती जुनी औषधं, इमिप्रामिन आणि अमिट्रिप्टिलिन. यांच्या रेणूत तीन कडी असतात म्हणून यांना ट्रायसायक्लिक म्हणतात. गुणाची औषधं, पण अत्यंत भोचक. ज्या घरी काम आहे तिथे जातातच, पण वाटेतल्या प्रत्येक घरात डोकावतात. तोंडात डोकावली की तोंड सुकतं. आतड्यात डोकावली की पोट बंद. डोळ्यांत डोकावली की जवळचं धूसर. झटकन उभं राहिलं की रक्तदाब खाली आणि माणूसही खाली. लघवी अडते, वजन वाढतं, झोप येते, आणि हृदयाच्या ठोक्यांत लुडबुड करतात ती वेगळीच.

धरमतरच्या खाडीकाठची जनाबाई मला यासाठी आठवते. मिठागरात काम करणारी, पन्नाशीची, काटक. सून तिला हाताला धरून घेऊन आली. जनाबाईने 'मी उदास आहे' असं म्हटलं नाही. माझ्याकडे तसं कुणीच म्हणत नसे. ती म्हणाली, "बाय, आंग दुखतं. कालजात धडधड व्हतं. नीज नाय, भूक नाय." गावच्या डॉक्टरांनी अंगदुखीच्या गोळ्या देऊन झाल्या होत्या, भगताने कोंबडं घेऊन झालं होतं. नैराश्य आमच्याकडे असंच अंगावरून येतं. मी अमिट्रिप्टिलिन दिलं, आणि तोंड सुकेल हेही सांगितलं.

पुढच्या खेपेला ती आली ती तणतणत. "बाय, तू गोली दिलीस का मीठ दिलंस? जीभ टालूला चिकटते. पोट बंद हाय. उभी रायली का गरगरतं."

"आणि बाकी?"

"बाकी झ्याक."

"झ्याक म्हणजे काय?"

जनाबाईने विचार केला. "काल सुनेला शिव्या घातल्या. लय दिसांनी."

मी सुनेकडे पाहिलं. सुनेचा चेहरा नुसता फुलला होता. "व्हय बाई," ती म्हणाली, "जाम घातल्या! पार माज्या आजीपातूर गेल्या!"

औषध लागू पडल्याचा इतका खणखणीत पुरावा मला पुस्तकात कुठे सापडलेला नाही.

जाता जाता आणखी एका जातीबद्दल. रसायन परत ओढून घेण्याऐवजी ते मोडून टाकणारं एक सफाई खातं मेंदूत असतं. काही औषधं त्या खात्यालाच टाळं ठोकतात. औषध प्रभावी, पण अट अशी की मुरवलेलं, खारवलेलं, वाळवलेलं काही खायचं नाही, कारण त्यातल्या एका द्रव्याने रक्तदाब भडकतो. परदेशात म्हणे लोक त्यासाठी चीज सोडतात. आता खाडीकाठच्या माणसाला सुकट, सोडे आणि सुके बोंबील सोडायला सांगायचं म्हणजे नैराश्य घालवायचं की आणायचं? ती औषधं आपल्याकडे तशीही सहसा मिळत नसत. मिळाली असती तरी मी लिहिली नसती.

रोह्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे मला कळलं की माणूस जास्तच बरा होऊ शकतो.

सुधाकर हा रोह्याजवळच्या धाटावच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. मूळचा खांब गावचा, तिथे त्याचा धाकटा भाऊ दिलीप भातशेती बघायचा. दिलीपच त्याला घेऊन आला. सुधाकर महिनोन्महिने कुणाशी बोलत नव्हता. शिफ्टला जायचा, यायचा, कोपऱ्यात बसायचा. आवाज इतका बारीक की मला खुर्ची पुढे ओढावी लागली. औषध देण्याआधी मी नेहमीचा प्रश्न विचारला: घरात कुणाला कधी उलटा आजार झाला होता का? म्हणजे अति उत्साह, अति बडबड? काही जणांचं मन दोन्ही टोकांना जाणारं असतं. अशा माणसाला नुसती नैराश्याची गोळी दिली तर ती त्याला वर आणते आणि थांबवायचं विसरते. दिलीप ठामपणे म्हणाला, "छे छे, आमच्यात तसलं काय नाय."

मी इमिप्रामिन सुरू केलं.

तिसऱ्या का चौथ्या गुरुवारी दिलीप एकटाच आला. दारातच उभा राहिला, टोपी हातात.

"मॅडम, दादा बरा झाला."

"छान झालं."

"जरा जास्तच बरा झाला."

सुधाकरला झोप लागेनाशी झाली होती आणि त्याला तिची गरजही वाटत नव्हती. कंपनीच्या बसमध्ये तो ड्रायव्हरशेजारी उभा राहून भाषण करायचा. कँटीनमध्ये त्याने सगळ्या शिफ्टला जिलबी वाटली. रोह्याच्या बस स्टँडवर त्याने जाहीर केलं की आपण जिल्हा परिषदेला उभे राहणार आणि निशाणी किटली. किटली का, तर ती सगळ्यांसाठी वाकते. त्या वर्षी उभ्या राहिलेल्यांत त्याचंच भाषण सगळ्यांत मुद्देसूद होतं, असं आमच्या जुन्या डॉक्टरांचं मत. कंपनीतला त्याचा साहेब तर इतका खूश की त्याने निरोप पाठवला होता, हीच गोळी आणखी चार-पाच जणांना देता येईल का?

"मग आज काय झालं?" मी विचारलं.

दिलीपचा चेहरा उतरला. "आज दादाने प्लांटमदी व्हॉल्वला हात घातला. म्हनतो, ह्या पद्धतीनं दिवसभर लागतो, माज्या पद्धतीनं तासात काम व्हईल. सुपरवायझरने हात धरला म्हनून. नायतर..."

'नायतर'च्या पुढे काय, ते धाटावात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

चौघांनी मिळून सुधाकरला आणलं. आत येताच त्याने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही देवी आहात. तुम्हाला मी आरोग्य सभापती करणार." माझ्या सबंध कारकिर्दीत मला देऊ केलेलं हे एकमेव पद. मी ते नम्रपणे नाकारलं, इमिप्रामिन तिथल्या तिथे बंद केलं आणि त्याला शांत करणारं औषध दिलं. पुढे लिथियम सुरू केलं. लिथियम म्हणजे एक प्रकारचं मीठच. मात्र ते जरा जास्त झालं तर विष, जरा कमी झालं तर पाणी. म्हणून रक्त तपासायला मुंबईला पाठवावं लागायचं.

तो निवल्यावर मी दिलीपला पुन्हा विचारलं, "घरात खरंच कुणाला असं नव्हतं?"

"नाय ओ. म्हंजी आबा आमचे अधनंमधनं असेच व्हायचे. एकदा भर पावसात विहीर खनायला घेतली. सगल्या गावाला जेवान घातलं. पन ते येडे नव्हते, मॅडम. ते हौशी होते."

तेव्हापासून मी प्रश्न बदलला. 'घरात कुणी जास्त हौशी होतं का?' असं विचारायला लागले. भराभर उत्तरं यायला लागली. या पट्ट्यात हौशी माणसं किती, याचा अंदाज मला तेव्हा आला.

सुधाकर सावरला. कंपनीने त्याला प्लांटवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं, दिवसाची शिफ्ट दिली. संसार नीट चालला. पण एकदा तो म्हणाला, "मॅडम, खरं सांगू? आयुष्यात मी एकदाच मोकळा बोललो. लोक थांबून ऐकत होते. तुम्ही म्हणता, तो आजार. असेल. पण मग मी बरा कधी होतो?" मी त्याला रक्त तपासणीची आठवण करून दिली. डॉक्टरला काही सुचलं नाही की तो रक्त तपासायला सांगतो.

आता वसंताचं सांगते.

पेणला गणपतीचे कारखाने गल्लोगल्ली. त्यातल्या एका कारखान्यात वसंता डोळ्यांची आखणी करायचा. अंगाचा रंग, सोवळ्याचा रंग, दागिने, हे काम कुणीही करतो. त्याची बायको सुलभाही तिथेच रंग भरायची. पण डोळे काढणारा एकच असतो. डोळे चुकले तर बाकीचं सगळं चिखल. मुंबईची मंडळं 'वसंताचे डोळे' म्हणून मूर्ती मागत.

चाळिशीचा हा माणूस दिवाळीपासून भिंतीकडे तोंड करून बसला होता. शिमग्याच्या सुमारास सुलभाने त्याला माझ्याकडे आणला. सुलभा म्हणजे अखंड वाहता नळ. "मॅडम, काय झालं तेच कळत नाय. भांडण नाय, आजार नाय, कुणी गेलं नाय. सगळे विचारतात, काय केलंस गो त्याला? मी काय केलं? डाळभात केला." कारण नसलेलं दुःख घरच्यांना फार छळतं. कारण असलं की निदान कुणाला तरी शिव्या देता येतात.

त्याच्या घरात कुणी हौशी नव्हतं, हृदय ठणठणीत होतं. मी इमिप्रामिन सुरू केलं, पण एका वेळी आठवड्याच्याच गोळ्या आणि त्याही सुलभाच्या हातात. कारण ही जुनी औषधं एकदम घेतली तर जिवावर बेतते, आणि नैराश्याच्या माणसाला हे माहीत असणं बरं नसतं. त्यातही गोळी लागू पडायला लागते तो काळ अवघड. हातापायांत बळ आधी येतं, मनात आशा नंतर. मधल्या दिवसांत घरच्यांना डोळ्यांत तेल घालून जपावं लागतं.

असाच मधला काळ होता. सुलभा बाहेर बाकड्यावर कुणाशी तरी नंबरावरून हुज्जत घालत होती. वसंता एकदम म्हणाला, "मॅडम, गोळ्या तिच्याकडे का देता, ते कळतं मला."

मी पेन खाली ठेवलं. "कळतं ना? मग सरळच विचारते. येतं का तसं मनात?"

"येत होतं. ह्या आठवड्यात कमी."

"पुन्हा आलं तर कुणाला सांगाल?"

त्याने हनुवटीने बाहेर दाखवलं. "तिला. बोलते जास्त, पण ऐकते."

लोकांना वाटतं, असं विचारलं की नसलेला विचार डोक्यात शिरतो. शिरत नाही. असलेला बाहेर पडतो. त्या दिवशी मी सुलभाला आत बोलावलं आणि तिच्यासमोर सगळं स्पष्ट बोलून घेतलं. तेवढा एकच अर्धा तास सुलभा एक शब्द बोलली नाही.

वसंता सुधारला. जेवायला लागला, दाढी करायला लागला, कारखान्यात जायला लागला. मी माझ्यावर खूश होते. आणि एके दिवशी तो सुलभाबरोबर वीतभर उंचीची मूर्ती घेऊन आला आणि त्याने ती माझ्या टेबलावर ठेवली.

"बघा."

मी बघितलं. गणपतीही बघत होता, पण एका डोळ्याने माझ्याकडे आणि दुसऱ्याने पंख्याकडे.

"मालक म्हणाले, हा देव आहे का पोलीस?" सुलभा म्हणाली. "भक्तावर संशय घेतोय नुसता."

इमिप्रामिनने वसंताच्या हाताला बारीक कंप आणला होता आणि जवळचं त्याला धूसर दिसत होतं. दुसऱ्या कुणाला हे कळलंही नसतं. शेतावर, कचेरीत, कुठेही चाललं असतं. पण केसाएवढी रेघ ओढणाऱ्याला नाही.

"मी बरा झालो ना, मॅडम?" वसंता म्हणाला. "मग बरा होऊन करू काय? उदास होतो तेव्हा निदान वसंता होतो."

गोळी थोडी कमी करून पाहिली. हात स्थिरावला, पण माणूस पुन्हा भिंतीकडे वळायला लागला.

त्याच सुमारास नवं औषध आमच्याकडे पोचलं होतं. फ्लुऑक्सेटिन. ते विकायला येणारे गृहस्थ पेणच्या उकाड्यात टाय लावून यायचे आणि म्हणायचे, "एकदम स्वच्छ औषध, मॅडम. काही त्रासच नाही." मी म्हणायची, ज्याचा काहीच त्रास नाही ती बडीशेप. पण त्यांचं अर्धं खरं होतं. जुनी औषधं दोन-दोन रसायनांना आडवी जातात आणि वर गावभर हिंडतात. हे नवं औषध सिरोटोनिन नावाच्या एकाच रसायनाचं परत जाणं अडवतं आणि सहसा बाकीच्या घरांत डोकावत नाही. तोंड फारसं सुकत नाही, डोळे धूसर होत नाहीत, आणि चुकून जास्त गेलं तर जुन्यांइतकं जिवावर येत नाही. याचे त्रास वेगळे. सुरुवातीला मळमळ, जुलाब, डोकेदुखी, उगाच बेचैनी, कधी याच्यानेही कंप येतो. झोप उडते म्हणून सकाळी न्याहारीनंतर घ्यायचं. आणखी एक त्रास होता, तो टायवाले गृहस्थ सांगताना नेहमी खोकायचे. त्याकडे येतेच.

जुनं हळूहळू उतरवायचं, नवं सुरू करायचं आणि वाट बघायची. औषधं बदलताना ही वाट बघणं सगळ्यांत वाईट. कारखान्याच्या मालकाला मुंबईच्या मूर्ती द्यायच्या होत्या. त्याने डोळ्यांसाठी बाहेरून माणूस आणला. वसंता समोर बसून ते बघायचा. त्या माणसाने काढलेले डोळे पेढ्यात रोवलेल्या बेदाण्यांसारखे दिसत, असं सुलभा म्हणे. पण दुसऱ्याच्या हातात आपला ब्रश बघणं हा काही विनोद नव्हता. पहिले काही दिवस वसंता पोट धरून बसला. सुलभा रोज विचारायची, "अजून किती?" आणि मी रोज सांगायची, "थोडं."

ज्येष्ठात एका सकाळी सुलभा धापा टाकत आली. "चला."

"काय झालं?"

"चला ओ तुम्ही!"

मी तशीच कारखान्यात गेले. वसंता मूर्तीसमोर बसला होता. करंगळी तिच्या गालावर टेकवलेली, श्वास रोखलेला. भुवईची रेघ ओढली. मग पापणीची. आसपासची माणसं आपापलं काम करत असल्याचं सोंग करत होती. त्याने बुबुळ भरलं, ब्रश बदलला आणि काळ्यात पांढरा ठिपका दिला. तो ठिपका पडला मात्र, आणि इतका वेळ शाडूचा गोळा असलेली वस्तू माझ्याकडे बघायला लागली. मी देवबिव मानत नाही. तरी पदर सावरला.

"दुसरा काढू?" वसंता म्हणाला, कुणालाच उद्देशून नव्हे.

"काढ बाबा," मालक म्हणाला. "एका डोळ्याचा कोण नेणार?"

गणपती गेले आणि नवरात्राच्या आसपास सुलभा एकटीच माझ्याकडे आली. बसली, आणि गप्पच बसली. मला धडकी भरली.

"वसंता ठीक आहे ना?"

"हे झकास आहेत. देवाची कृपा, थोडी तुमची." ती पदराशी चाळा करायला लागली. "मॅडम, आजारपणात आमचं ते सगळं बंदच होतं. मी काय बोलले नाय. आता परत सुरू झालं."

"चांगलंच की."

"सुरू होतं ओ," सुलभा म्हणाली. "संपत नाय."

मी गंभीर चेहरा ठेवण्याचा प्रयत्न केला, पण तिला तो ठेवता आला नाही, म्हणून मलाही आला नाही. आम्ही दोघी इतक्या हसलो की दातांच्या डॉक्टरांनी भिंतीवर टकटक केलं.

टायवाले गृहस्थ खोकायचे ते हेच. मन सावरणारं सिरोटोनिन त्या बाबतीत मात्र ब्रेक लावतं. पुरुषाला वेळ लागतो, कधी जमतच नाही. बायकांचंही तसंच होतं, फक्त बायका सांगत नाहीत. कित्येक जण याच कारणासाठी न सांगता गोळी सोडतात आणि पुन्हा आजारात पडतात. सुलभाने येऊन सांगितलं हे मोठं शहाणपण केलं. मी वसंताशी बोलले आणि गोळी एक दिवसाआड केली. हे औषध शरीरात बराच काळ रेंगाळतं, त्यामुळे तसं चालतं.

तक्रार मिटली. पण थंडी पडली तसा वसंता पुन्हा मंदावला. दाढी वाढली, ब्रश कोरडे पडले. नव्या मोसमाचं काम सुरू व्हायचं होतं. सुलभा त्याला घेऊन आली. तो खाली मान घालून बसला.

मी दोघांपुढे सगळं मांडलं. जुनी गोळी दिली तर हात जाईल. दुसरी नवी औषधं यायला लागली आहेत, पण ती याच घराण्यातली, ब्रेक तीही लावतील. हीच गोळी पुन्हा रोज घेतली तर मन बहुतेक सावरेल, पण ती तक्रार परत येईल. "गोळी वसंताने घ्यायची आहे," मी म्हटलं, "पण त्रास दोघांचा आहे. ठरवा."

सुलभाने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"रोजची करा," ती म्हणाली.

"आणि ते दुसरं?"

"मॅडम, तेव्हा मी तक्रार केली खरी. पण तेव्हा ते संपायचंच नाय, म्हणून आम्ही मधेच थांबून गप्पा मारायचो. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांचे वडील कसे गेले ते मला तेव्हा कळलं. लहानपणी पहिला डोळा ह्यांनी कोळशाने गोठ्याच्या भिंतीवर काढला, म्हशीचा, तेही तेव्हाच. कधी कधी गप्पा अशा रंगायच्या, की कशाला जागे होतो तेच विसरायचो." तिने नाक पुसलं. "तुम्ही गोळी कमी केलीत. आता सगळं वेळेवर संपतं, आणि माणूस भिंतीकडे तोंड करून झोपतो. मला तो गप्पावाला पायजे."

वसंताचे कान लाल झाले. त्याने मान वर केली, आणि त्या दिवसातलं पहिलं वाक्य बोलला.

"अगो, गप गो. डॉक्टर ऐकतायत."

मी लिहिलं: रोज सकाळी एक, न्याहारीनंतर.